एकच खरी प्रत

मंडळाच्या खोलीत दाराशेजारी दिव्याचं बटण आहे आणि बटणाखाली एक खुर्ची. बैठकीत चार-सहा जण एकदम हात उडवायला लागले, कोणाचं बोलणं कोणाला दिसेनासं झालं, की त्या खुर्चीवरचा माणूस उठतो आणि दिवा चालू-बंद, चालू-बंद करतो. हात थांबतात, माना वळतात, हा पुन्हा बसतो. काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर लिहिणारा, हाताखाली माणसं असलेला, चांगला कमावता माणूस. पण मंडळात त्याने एवढंच काम मागून घेतलंय. पुढे ये म्हटलं तर येत नाही.

मंडळ बहिऱ्यांचं आहे. कागदावर आम्ही कर्णबधिर लिहितो, कारण साहेबांना ते बरं वाटतं. 'मूक' मात्र कोणी लिहिलं तर मी भांडायला उठते. या लोकांइतकी बडबडी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. हातांनी बडबडतात, एवढंच. मी स्वतः ऐकणारी. एका बहिऱ्या फेरीवालीच्या भांडणात पडले, तिच्याबरोबर टायरच्या दुकानावरच्या या खोलीत आले आणि इथलीच झाले. हातबोली कुठल्या वर्गात शिकले नाही. चुका करत, टिंगल सोसत इथेच शिकले.

इथे नाव तोंडाने ठेवून उपयोग नसतो. माणसाकडे नीट बघून हातांनी ठेवतात, आणि एकदा ठेवलं की सुटका नाही. खुर्चीवरच्या माणसाची आई खळी: गालावर बोट टोचायचं. वडील छापखान्यात मशीनवर होते, ते शाई: अंगठा बोटांच्या टोकांवर चोळायचा. वडिलांचा जुना दोस्त शिंपी, तो मिशी. मिशी त्याने लग्नाआधीच उडवली, नाव काही उडालं नाही. माझं नाव म्हणजे नाचवलेली तर्जनी, कारण मी म्हणे बोलताना कायम कोणाला तरी दम देत असते. आणि खळी-शाईला मुलगा झाला, तो ऐकणारा निघाला, म्हणून त्याच्यासाठी कानाची पाळी धरायची. त्याचं नाव कान.

कान हे नुसतं नाव नव्हतं, नोकरी होती. घरमालक आला, बोलवा कानाला. डॉक्टरकडे जायचंय, चल रे कान. शेजारणीचा फोन आला, कान कुठाय? शाळेत पालकांना बोलावलं तरी मधे हाच. गणिताच्या सरांनी त्याच्या उनाडपणाचा पाढा वाचला, तेव्हा याने वडिलांना हातांनी सांगितलं, "सर म्हणतायत, मुलगा फार हुशार आहे." शाईने सरांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, मुलाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मग ते एवढे का चिडलेत?"

हा किस्सा शाई मंडळात रंगवून सांगायचा. सगळे मांड्यांवर थापा मारून हसायचे, आणि कान कोपऱ्यात लालेलाल होऊन बसलेला असायचा. त्याला सगळ्याचीच लाज वाटायची. रस्त्यात आईवडील हात हलवत बोलायला लागले की पोरं नक्कल करायची, आणि हा चार पावलं पुढे चालायला लागायचा, जणू यांची-आपली ओळखच नाही. मागून त्याला हाक मारायची सोयही नव्हती बिचाऱ्यांना.

त्याला सगळ्यात जास्त चीड होती ती फेरीची. फोनवर लिहिता येत नव्हतं त्या काळी मंडळाची बातमी घराघरांतून फिरायची. बैठक पुढे ढकलली, कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, की प्रत्येक घराने दोन घरांना जाऊन सांगायचं. खिडकीवर टॉर्च मारायचा, आतल्याने पडदा बाजूला केला की सांगायचं आणि पुढे. बातमी दोन्हीकडून फिरत यायची, त्यामुळे बहुतेकांना ती दोनदा कळायची. एखादं घर कुलूपबंद असलं तरी बातमी दुसऱ्या वाटेने पोचायची. पण वाटेत तिचं काहीबाही व्हायचं. एकदा एका लग्नाचा दिवस फेरीत बदलला. शाई इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाला नवे बूट घालून हॉलवर पोचला, तर तिथे झाडूवाल्याशिवाय कोणी नाही. झाडूवाल्याने कानाला विचारलं, "तुझ्या बापाला कळत नाही का?" शाईने विचारलं, "काय म्हणाला?" कान म्हणाला, "काही नाही." घरी येईपर्यंत तो वडिलांशी एक शब्द बोलला नाही.

मला वाटतं, त्याच दिवशी त्याच्या डोक्यात बसलं: गोष्ट एकाच जागी असावी, एकच खरी असावी, आणि ज्याला हवी त्याने तिथे येऊन बघावी. पुढे तो सॉफ्टवेअर शिकला, तर तिथे हेच धर्मासारखं शिकवतात. माहितीची एकच खरी प्रत ठेवा. बाकी प्रती म्हणजे कचरा; आज ना उद्या घोळ घालणार. त्याला आपलं घर सापडल्यासारखं झालं असणार.

शिकून नोकरीला लागला आणि परत मंडळात आला तो छाती काढून. म्हणाला, "ताई, मला यांचे हात साठवायचेत."

कल्पना खरंच चांगली होती, आजही म्हणेन. आमच्या लोकांची हातबोली पुस्तकातली नाही. जुन्या बहिऱ्या शाळेच्या वसतिगृहात ती तयार झाली, मग छापखान्यात, शिवणकारखान्यात, गोदामात वाढली. 'कागद अडकला' याला छापखान्यातल्या बहिऱ्यांची वेगळी खूण, 'साहेब येतोय' याला तर पाच खुणा. म्हातारी माणसं एकेक करून चालली होती आणि खुणा त्यांच्याबरोबर चालल्या होत्या. कानाने अ‍ॅप केलं. नाव हातबोली. शब्द निवडायचा, की आपलीच माणसं तो करून दाखवणार. शिवाय गोष्टी, थट्टा, आठवणी. व्हिडिओ ठेवायला त्याने एका बड्या कंपनीची सेवा घेतली. फुकट, झटपट, कधी अडखळत नाही. सगळं एकाच अकाउंटवर, ते अकाउंट कानाच्या नावावर.

लोकांच्या फोनमध्ये आधीपासून ढीगभर व्हिडिओ होते. एकाच गोष्टीच्या चार-चार प्रती, कोणाची अर्धी, कोणाची उलटी. कान घरोघर गेला. चांगली प्रत वर चढवायची आणि बाकीच्या फोनमधून काढायच्या. 'पुसा' म्हणायला आमच्याकडे डावा तळहात पाटीसारखा समोर धरतात आणि उजवा हात त्यावरून फिरवतात. तेव्हा कानाला बघावं तर घरोघर हीच खूण. "वर गेलं ना? मग पुसा. फोनही मोकळा होतो."

लोकांनी पुसलं. का नाही पुसणार? तो कान होता. डॉक्टर काय म्हणाला हे ज्याच्या भरवशावर ऐकलं, तो म्हणतोय पुसा. एकटा मिशी कुरकुरला. कान म्हणाला, "काका, तुमच्या फोनमध्ये काय एवढा खजिना आहे?" मिशी म्हणाला, "आहे माझं काहीतरी." मग कटकट नको म्हणून त्याने मान डोलावली, "पुसलं, पुसलं. जा आता, गिऱ्हाईक आलंय."

अ‍ॅप झक्क चाललं. वर्तमानपत्रात फोटो आला. मीही चार ठिकाणी नाक वर करून सांगितलं, बघा आमच्या पोराने काय केलंय.

मग शाई गेला. छातीत दुखलं आणि गेला. डॉक्टरचं म्हणणं मधे पडून सांगायची वेळही कानावर आली नाही.

खळी तेव्हापासून टॅब समोर ठेवूनच जेवायला बसायची. शाईचे व्हिडिओ भरपूर होते. मशीनमध्ये कागद अडकला की मालक कसा नाचतो, गणिताचे सर, बूट आणि रिकामा हॉल. ऐकणाऱ्या घरात मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो आणि गप्प असतो. हिच्याकडे नवरा ताटासमोर बोलत होता. ती मधेच घास थांबवून त्याला उत्तर द्यायची, तेही मी पाहिलंय. "पुरे, किती वेळा सांगशील?" असं म्हणायची आणि पुन्हा तोच लावायची.

एका संध्याकाळी टॅबवर शाई आला नाही. राखाडी चौकोन आला आणि त्याखाली एक ओळ: हे अकाउंट नियमभंगामुळे बंद करण्यात आले आहे.

खळीला ती ओळ नीट कळली नाही. तिने कानाला बोलावलं. त्याने वाचलं, घाम पुसला आणि म्हणाला, "इंटरनेट गेलंय, आई."

पुढचे काही दिवस इंटरनेट गेलेलंच होतं. कान मात्र कामावर न जाता कंपनीला लिहीत होता. उत्तर ताबडतोब यायचं, कारण माणूस उत्तर देतच नव्हता. तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तुमची विनंती तपासली. निर्णय कायम आहे. खणून खणून एवढंच बाहेर आलं की एकाच अकाउंटवरून शेकडो व्हिडिओ आले, सगळ्यांत बोलण्याचा आवाज शून्य, आणि कंपनीच्या मशीनने ठरवलं की हा कोणीतरी रिकामा माल ओतून जागा अडवतोय. आमची माणसं तिथे जीव तोडून बोलत होती, आणि मशीनच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ऑफिस कुठाय त्यांचं? चल."

ऑफिस होतं, आमच्याच शहरात, चकाचक. दारातल्या गार्डने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"ज्याने बंद केलं त्याला."

"नाव सांगा, मॅडम."

"नाव माहीत असतं तर घरीच गेले असते त्याच्या."

गळ्यात पट्टा घातलेली एक मुलगी खाली आली. गोड होती बिचारी. "इथे फक्त जाहिरातवाले बसतो आम्ही. तक्रारीसाठी साइटवर फॉर्म आहे."

"भरला."

"मग उत्तर आलं असेल."

"आलं. उत्तर आलं म्हणूनच तर आलोय, बाई!"

मी आवाज चढवला. आजवर मी पाणी खात्याचं दार वाजवलंय, चौकीसमोर बसलेय, साहेबाच्या गाडीला आडवी झालेय. प्रत्येक ठिकाणी शेवटी एक दार असतं आणि दारामागे एक घाबरट माणूस. इथे दारच नव्हतं. मोर्चा कोणावर काढायचा? कानाने माझा दंड धरला.

"ताई, चला इथून."

"का? घाबरलास?"

"आमच्या ऑफिसातही खाली असाच गार्ड असतो," तो म्हणाला. "तोही लोकांना असंच परत पाठवतो. वर बसून मला ते कधी दिसलं नाही." त्याचा चेहरा असा झाला होता की मला पुढे बोलवेना. मी बोलले, पण रस्त्यावर आल्यावर.

"तुझ्याकडे दुसरी प्रत नाही? एवढा शिकलेला तू?"

"नाही."

"एकही नाही?"

"तेच तर चांगलं काम समजतात आमच्यात," तो म्हणाला. "एकच ठेवायची, ती जपायचं काम कंपनीवर सोडायचं. घरोघर फिरून बाकीच्या मीच पुसायला लावल्या, ताई."

खळीला काय सांगितलंस, असं मी विचारलं. इंटरनेटची गोष्ट मला तेव्हा कळली. मी म्हटलं, "गणिताच्या सरांसारखंच परत? आईला कळत नाही असं वाटतं तुला?"

खळीला कळलेलं होतंच. रविवारी मंडळात बैठक होती. शेजारच्या बाईच्या टॅबवरही राखाडी चौकोन, समोरच्याच्याही. सगळ्यांचं इंटरनेट एकदम कसं जाईल? कान आला तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. बोलणारा सगळ्यांना दिसावा म्हणून पुढे चौथरा आहे, त्यावर तो चढला.

ऐकणारा माणूस लाजला की मान खाली घालून पुटपुटतो. निदान तेवढी सवलत त्याला असते. हातबोलीत ती नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघूनच बोलावं लागतं आणि हात छातीसमोर, उजेडात ठेवावे लागतात. हातांचं अडखळणं लांबूनही दिसतं. कानाचे हात अडखळले. "सगळं गेलं," तो म्हणाला. "कंपनीने बंद केलं. परत मिळणार नाही. फोनमधलं मी पुसायला लावलं." मग त्याने मान खाली घातली.

आमच्यात मान खाली घालणं म्हणजे कान बंद करणं. लोक हातांनी ओरडत होते आणि तो जमिनीकडे बघत होता. माझी आई होती त्यात! माझ्या भावाचं गाणं होतं, हातांचं! तू कोण पुसायला सांगणारा? त्याला काही दिसत नव्हतं, दिसायला नको होतं.

खळी उठली. मला वाटलं, ही त्याच्याकडे जाणार, जवळ घेणार. ती उलट दिशेने दाराकडे गेली आणि तिने दिव्याचं बटण दाबलं. बंद, चालू. बंद, चालू. कानाने मान वर केली, करावीच लागली. तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "बघ. सगळे काय म्हणतायत ते बघ. संपेपर्यंत बघ."

त्याने संपेपर्यंत बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात वर नेला नाही, कारण हात वर नेला की मधे बोलल्यासारखं झालं असतं. सगळे थकून घरी गेले, तेव्हा तो दाराजवळच्या त्या खुर्चीवर जाऊन बसला. तो आजही तिथेच बसतो.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरला, त्याच दारांवरून. कोणाकडे चुकून राहिलंय का? एखादी अर्धी, उलटी, वाईट प्रत? बायका म्हणायच्या, "वाईट प्रत पुसा, असं कोण म्हणालं होतं?" एका आजोबांनी त्याला चहा दिला, बसवलं आणि तो कप खाली ठेवेपर्यंत एक अवाक्षर बोलले नाहीत. ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं, असं तो मला म्हणाला. हाताला लागलं थोडंफार: कोणाच्या जुन्या बिघडलेल्या फोनमध्ये, कोणी परगावच्या बहिणीला पाठवलेलं. तेच तेवढं वाचलं होतं, जे त्याच्या शिस्तीतून निसटलं होतं. शाईचं काहीच नव्हतं. मिशीने दुकानाच्या दारातूनच हात हलवला, "माझ्याकडे काय असणार? तेव्हाच पुसलं ना."

त्याच आठवड्यात कानाचा एक ऑफिसमधला दोस्त घरी आला, मीही तिथेच होते. दोस्त म्हणाला, "अरे, दुसरी कंपनी आहे ना. यांच्याहून भारी. राहिलेलं तिकडे टाक."

"आणि तिने बंद केलं तर?"

"सगळे थोडेच बंद करतात?"

"एकानेच केलं. एकच पुरला."

"मग तुझा स्वतःचा सर्व्हर लाव. चावी तुझ्याकडेच."

"चावी माझ्याकडेच होती," कान म्हणाला. "उद्या मी नोकरी बदलली, आजारी पडलो, गाडीखाली आलो तर? कंपनी काय, मी काय, दार एकच राहिलं ना?"

दोस्त हसला. "मग काय, सगळ्यांच्या घरी सर्व्हर बसवतोस?"

"हो."

"वेडा आहेस. हळू चालेल. कोणाचं बंद असेल, कोणाचं जुनं. प्रती जुळणार नाहीत. भांडणं होतील."

"होऊ देत," कान म्हणाला. "आमच्यात भांडणं होतातच."

मला त्यातलं तंत्र कळत नाही. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. प्रत्येक घरी डब्याएवढं एक मशीन. त्या घराचे व्हिडिओ त्यात, शिवाय आणखी काही घरांचे. मशीनं आपापसांत बोलतात, नवं आलं की पुढे देतात. एक बंद पडलं तर दुसरीकडून मिळतं. सगळ्यांवर मालक असा कोणीच नाही. काय ठेवायचं, काय काढायचं, हे ज्याचं त्याने आपल्या घरी ठरवायचं. कोणाला वेगळं व्हायचं असेल तर आपलं सगळं घेऊन उठावं. आणि जोडणीचे नियम उघडे, म्हणजे उद्या कानाहून शहाण्या कोणा पोरीला वेगळं अ‍ॅप करायचं असेल, तर तिला कानाच्या पाया पडायला नको.

मी म्हटलं, "ही तर फेरी झाली रे. टॉर्चवाली."

तो ओशाळला. "माहितीये," म्हणाला. "आईने पण तेच म्हटलं. फार हसून म्हणाली, ताई."

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनो, मी तुमच्या शाळेतली नाही, तरी सांगते. तुम्ही दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडता, कारण तिथे वीज-पाणी आयतं मिळतं. मांडा. पण त्या दुकानात तुम्ही आमचं सामान ठेवता. लोक त्या कंपनीला ओळखत नाहीत, ते तुम्हाला ओळखतात. तुमच्या तोंडाकडे बघून देतात. दार बंद झालं की ती कंपनी कुठल्या चौथऱ्यावर उभी राहत नाही, तुम्ही राहता. आणि तुमचा हेतू किती चांगला होता, हे तेव्हा कोणी विचारत नाही. कानाचा हेतू आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता. हात अडखळले ते त्याचेच.

मशीनं लागायला वेळ लागला. पहिलं खळीच्या शिलाई मशीनशेजारी लागलं, ते पहिल्याच आठवड्यात गरम होऊन बंद पडलं. लोक कुरकुरले, "जुनं कसं झटकन लागायचं." एका खुणेच्या दोन प्रती आल्या, दोघांनी माझीच खरी म्हणून भांडण काढलं. कान दोन्ही ठेवून मोकळा झाला. फेरीत लग्नाचा दिवस बदलला म्हणून रागावणारा तो मुलगा हाच का, असं मला वाटून गेलं.

मिशीच्या दुकानात मशीन बसवायला कान गेला, तेव्हा मी बरोबर होते. मिशीने डबा हातात फिरवून बघितला.

"हे कोणाचं?"

"तुमचं, काका."

"म्हणजे यातलं तू येऊन पुसणार नाहीस?"

"मला पुसताच येणार नाही. तसंच केलंय."

"आणि मी ठेवलं ते माझ्याकडेच राहणार? तू उचलून नेणार नाहीस?"

"तुम्ही दिलीत तर एक प्रत पुढे जाईल. तुमची तुमच्याकडेच."

मिशीने मापाची पट्टी गळ्यातून काढली, कापडांच्या गठ्ठ्यामागून एक जुना, काच तडकलेला फोन काढला आणि म्हणाला, "तुझ्या आईला बोलाव."

खळी आली. चौघं त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो. मिशीने पत्ते खेळताना फोन बटणांच्या डब्यांना टेकवून व्हिडिओ चालू ठेवला होता, त्यामुळे चित्र तिरकं, अर्ध्या भागात दोऱ्याची रिळं. पण उरलेल्या अर्ध्यात शाई होता. समोर पत्ते उताणे पडलेले. शाई हरला होता. आयुष्यात तो मिशीकडून एकदाच हरला आणि मिशीने तो पुरावा जपून ठेवला होता. एवढ्यासाठीच हं. दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

"खोटं बोललो तुझ्याशी," मिशी कानाला म्हणाला. "नंतर बाप गेला तुझा. मग वाटलं, दाखवलं तर तू नेशील, आणि याचंही तेच होईल." कानाने मान हलवली.

पडद्यावर शाईने पत्ते गोळा केले, फोनकडे बघितलं आणि डोळे मिचकावले. "हे चालू आहे का? कानाला दाखवू नकोस हं," तो म्हणाला, आणि मग त्याचा उजवा हात हवेत एकीकडून दुसरीकडे फिरला. नुसताच. डावा हात रिळांच्या मागे गेला होता.

मला क्षणभर कळलं नाही. खळीला कळलं. तिने व्हिडिओ मागे नेला. शाईने पुन्हा डोळे मिचकावले, पुन्हा म्हणाला, कानाला दाखवू नकोस. या वेळी तिने आपला डावा तळहात पाटीसारखा पडद्याच्या कडेला, बरोबर रिळांच्या जागी धरला, आणि शाईचा उजवा हात तिच्या तळहातावरून फिरला. पुसून टाकेल.

ती हसली. गालावर खळी पडली, डोळे भरले, तळहात तिने तसाच धरून ठेवला. मग तिने मुलाकडे बघितलं.

कान मान खाली घालणार होता. मला दिसलं ते, हनुवटी हललीसुद्धा. पण त्याने घातली नाही. चेहरा लालेलाल, लहानपणी कोपऱ्यात बसायचा तसा, तरी तो आईच्या डोळ्यांत बघत राहिला. मग मिशीकडे वळून म्हणाला, "काका, याची एक प्रत द्याल?"

मिशीने फोन छातीशी धरला. "एक काय, दहा घे," तो म्हणाला. "फोन माझा."